न विचारलेला प्रश्न

गेल्या श्रावणांत आमच्या मोटारीचा उजवा डोळा फुटला. मोटार म्हणजे लहानशीच, २००८ सालीं घेतलेली मारुती ८००. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर नोंदणीचें नूतनीकरण करून आम्हीं तिच्यासाठीं आणखी पांच वर्षांचें आयुष्य मागून घेतलें आहे. अपघातही तिच्या वयाला शोभेल असाच झाला. कोणाला इजा नाहीं, वेग नाहीं, आरडाओरड नाहीं. फाटकाचा खांब आपल्या जागीं उभा होता आणि मी माझ्या विचारांत होतों, एवढेंच. पुढच्या दिव्याचा चुरा झाला आणि खांबाला ओरखडाही आला नाहीं.

फुटक्या दिव्यावरून नीतिशास्त्राचा निबंध लिहूं पाहणारा मनुष्य राईचा पर्वत करीत आहे, असें कोणी म्हणेल तर मी त्याच्याशीं भांडणार नाहीं. परंतु तीस वर्षें महाविद्यालयांत हा विषय शिकवून माझें असें मत झालें आहे कीं, ज्यांना आपण धर्मसंकटें म्हणतों तीं सामान्य गृहस्थाच्या वाट्याला जन्मांत एकदोनदांच येतात, आणि तींही बहुधा तो झोपेंत असतांना निघून जातात. त्याच्या बाकीच्या सर्व परीक्षा दुकानाच्या फळीवर होतात. शिवाय तेथें प्रश्नपत्रिका छापलेली नसते. प्रश्न आपला आपणच काढावा लागतो, आणि न काढला तर कोणी नापासही करीत नाहीं.

आमच्या गॅरेजवाल्यानें दिवा पाहिला आणि म्हणाला, "नवा घेतलात तर १,२०० रुपयांच्या घरांत जाईल, सर. जुन्या मालाच्या बाजारांत ४०० ला कंपनीचाच मिळेल. आणि डावा तुमचा जुनाच आहे. एक नवा आणि एक जुना बरा दिसत नाहीं." या भाषणाच्या पूर्वार्धांत अर्थशास्त्र होतें आणि उत्तरार्धांत सौंदर्यशास्त्र. मला दोन्ही पटलीं. मी निघालों तेव्हां त्यानें मागून हांक मारून बजावलें, "फक्त बसतो कीं नाहीं तें नीट पाहून घ्या!"

'बसणें' हा त्या धंद्यांतला परवलीचा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ बाहेरच्या माणसाला वाटतो तितका सोपा नाहीं. आमच्या मोटारीचेंच उदाहरण घ्या. या नांवाची पहिली मोटार १९८३ च्या डिसेंबरांत गिऱ्हाइकाच्या हातीं पडली. १९८६ त तिचा सांगाडा बदलला, १९९७ त मुखवटा बदलला, आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादनच थांबलें. नांव तीस वर्षें एक. परंतु एका पिढीचा दिवा दुसऱ्या पिढीच्या तोंडावर बसत नाहीं. उजव्या बाजूचा डाव्या बाजूला बसत नाहीं. ज्यांत स्क्रू जातात ते कान एखाद्या ठिकाणीं तुटून चिकटविलेले असतील, तर बसलेला दिवा पहिल्याच खड्ड्यांत मान टाकतो. बल्बाची बैठक तीच हवी. अशा मोटारींत बहुधा एच-४ जातीचा, बारा व्होल्टचा, लांबच्या प्रकाशासाठीं ६० व जवळच्या प्रकाशासाठीं ५५ वॉट घेणारा, दोन तंतूंचा बल्ब लागतो. आणि सर्वांत फसवा भाग म्हणजे आंतला आरशासारखा मुलामा. उष्णतेनें व दमटपणानें तो काळवंडला म्हणजे बल्ब कितीही प्रखर असो, रस्त्यावर उजेड पडत नाहीं. हल्लींच्या मोटारींत काचेच्या जागीं जें पॉलिकार्बोनेट असतें तें उन्हानें पिवळें पडतें. त्याला घांसून, पॉलिश करून विक्रेते स्फटिकासारखें करून दाखवितात. पण मूळचा संरक्षक लेप गेलेला असल्यामुळें तें कांहीं महिन्यांत पुन्हां पिवळें होतें. हें सर्व मीं आधीं विचारून, वाचून ठेविलें होतें. पुस्तकी मनुष्य बाजारांत जातांना पाठ तयार करून जातो.

बाजारांत पोहोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती. मोटारींचीं दारें, आरसे, चाकें, दिवे यांच्या राशी दोन्ही बाजूंना लागलेल्या. दुकानदारानें मोटारीचें नांव व वर्ष विचारलें, राशींत हात घातला आणि तिसऱ्याच दिव्यावर थांबला. मीं कान तपासले, मुलामा तपासला, बैठक तपासली.

"बसेल ना?"

"बसणारच साहेब, कंपनीचा आहे."

त्यानें ५०० सांगितले, मीं ४०० दिले. पावती त्यानें दिली नाहीं, मीं मागितली नाहीं. परत येतांना मी बराच खुषींत होतों. एका निवांत बुद्धिमान मनुष्यानें बाजारांतल्या मनुष्यावर मात केली, अशा प्रकारची ती खुषी होती.

एक प्रश्न मात्र मीं विचारला नाहीं. हा दिवा आला कोठून? तो मला सुचला नाहीं असें नव्हे. तो अगदीं ओठांवर आला होता. पण विचारला असता तर कांहींतरी उत्तर मिळालें असतें, आणि मग त्या उत्तराचें काय करावयाचें हा दुसरा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून तो मीं गिळला. हें गिळणें इतकें सहज झालें कीं, घरीं येऊन दिवा फडक्यानें पुसूं लागेपर्यंत त्याची मला आठवणही नव्हती.

पुसतांना दिव्याच्या मागील बाजूस अणकुचीदार हत्यारानें कोरलेले चार आंकडे दिसले. तीन स्पष्ट होते. चवथा अर्धवट झिजलेला किंवा झिजविलेला. आपल्या मोटारीच्या काचांवर व दिव्यांवर नोंदणीचा क्रमांक कोरून ठेवण्याची कित्येक मालकांना संवय असते. हेतु हा कीं, चोरानें नेलेच तर ते विकतांना त्याला अडचण पडावी.

"अहो, हा आंकडा कशाचा?" सौभाग्यवतींनीं विचारलें. मीं सांगितलें.

"म्हणजे तो चोरीचा असेल?"

"तसेंच कांहीं नाहीं. एखादी मोटार अपघातांत मोडली, मालकानें ती रीतसर विकली, तरी त्यानें पूर्वीं कोरलेला आंकडा दिव्यावर राहणारच."

"मग यांतलें कोणतें खरें?"

"तें आपल्याला ठाऊक असण्याचें कारण नाहीं," मी म्हणालों. आणि हें वाक्य माझ्याच कानांना, निबंध उतरवून आणणाऱ्या विद्यार्थ्याच्या सबबीसारखें लागलें.

कायदा या बाबतींत माझ्यापेक्षां चाणाक्ष आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ४११ व्या कलमांत होतें, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमांतही आहे, कीं माल चोरीचा आहे हें ठाऊक असून, अथवा तसें मानण्यास कारण असून, जो तो अप्रामाणिकपणें घेतो तो शिक्षेस पात्र होतो. यांतील 'मानण्यास कारण असून' हे शब्द मोठे मार्मिक आहेत. ठाऊक नव्हतें म्हणणारा मनुष्य पहिल्या दारांतून सुटतो आणि दुसऱ्या दारांत अडकतो. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें तर, कांहीं अपवाद सोडले असतां, विकणाराची जेवढी मालकी तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोरानें विकलेली वस्तु दहा प्रामाणिक हातांतून गेली तरी मूळ मालकाचीच राहते.

आमच्या स्मृतिकारांनीं हा विषय 'अस्वामिविक्रय' या नांवाखालीं चर्चिला आहे. व्यवहाराच्या अठरा पदांत मनूनें त्याला स्थान दिलें आहे. परंतु मला अधिक बोंचला तो याज्ञवल्क्य. तो म्हणतो कीं, ज्याच्याजवळ ती वस्तु असण्याचा संभव नाहीं अशा मनुष्याकडून, गुपचूप, हलक्या किंमतीला आणि अवेळीं जो खरेदी करतो त्याला चोरच समजावें. मीं ही कसोटी स्वतःला लावून पाहिली. दुकान उघडें होतें, म्हणजे गुपचूपपणाचा आरोप येत नाहीं. दिव्यांच्या दुकानांत दिवा असणें स्वाभाविक आहे. पण किंमत नव्याच्या तिसऱ्या हिश्शाची, आणि वेळ दिवेलागणीची! पूर्ण चोर ठरलों नाहीं. निम्मा ठरलों असें म्हणावयास हरकत नाहीं.

वर्गांत मी दरवर्षीं सिसेरोच्या कर्तव्यांवरील ग्रंथांतली एक कथा सांगतों. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी पुष्कळ जहाजें धान्य घेऊन येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. आतां ही गोष्ट लोकांना सांगून त्यानें आपलें धान्य स्वस्त विकावें, कीं मौन धरून चढ्या भावानें विकावें? डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष उघड केले म्हणजे पुरे. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जें कळल्यानें त्याचें हित होईल तें सर्व सांगणें हें माणुसकीच्या नात्यानेंच तुझें कर्तव्य आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूला जातो, माझे विद्यार्थी जातात, आणि त्यांच्याबरोबर मीही जातों. वर्गांत अँटिपेटरचा पक्ष घ्यावयास कांहीं पडत नाहीं.

पण हा वाद आपण ऐकतों तो नेहमीं विकणाराकडे बोट दाखवून. त्याचें मौन केव्हां पाप होतें, याचा खल आपण करतों. घेणाऱ्याचेंही एक मौन असतें. विकणारा मौन धरतो तें त्याला कांहीं ठाऊक असतें म्हणून. घेणारा धरतो तें कांहीं ठाऊक होऊं नये म्हणून. यांतलें दुसरें मौन मला आतां अधिक कुशल वाटूं लागलें आहे, कारण तें अज्ञानाच्या वेषांत वावरतें आणि अज्ञानाला आपण निष्पापतेच्या पंक्तीला बसवितों. वस्तुतः असल्या अज्ञानाची मशागत करावी लागते. कोणत्या दुकानांत काय विचारूं नये, कोणत्या मनुष्यापुढें कोठें थांबावें, नोकराच्या हिशेबांत किती खोल जाऊं नये, हें प्रतिष्ठित घरांतल्या माणसांना उत्तम कळतें. मी त्यांतलाच एक.

तिसऱ्या दिवशीं मी दिवा घेऊन पुन्हां त्या दुकानीं गेलों. दुकानदार रागावला नाहीं. त्याला मजा वाटली असावी.

"साहेब, अपघातांत गेलेल्या गाडीचा आहे. लिलावांत घेतलेली गाडी होती."

"कांहीं कागद?"

"गाडीचे असतात कागद. दिव्याचे कागद कसे असणार?"

हें उत्तर त्यानें सहज दिलें, पण मी त्याच्यावर अजून विचार करीत आहें. मिलिंद राजाला नागसेनानें विचारलें होतें कीं, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं 'नाहीं' म्हणावें लागलें. आमच्या सरकारनेंही रथाचीच नोंद ठेविली आहे. इंजिनावर क्रमांक, सांगाड्यावर क्रमांक, दोन्ही क्रमांक नोंदणीच्या दाखल्यावर. मोटार अखंड आहे तोंपर्यंत तिला नांव, गांव, मालक सर्व कांहीं आहे. एकदां ती सुटी झाली कीं तिचे बहुतेक अवयव अनाथ होतात; त्यांना ना जन्म ना गोत्र. अपघातांत मेलेल्या मोटारीचा दिवा आणि रात्रीं रस्त्यावरून उपटून नेलेला दिवा फळीवर शेजारीं शेजारीं पडले, तर नागसेनालाही त्यांतला भेद सांगतां आला नसता. २०२१ मध्यें मोटारी मोडण्याच्या अधिकृत केंद्रांविषयीं नियम झाले आहेत, आणि तेथें आलेल्या मोटारीची नोंद राहते. ही इष्ट गोष्ट आहे. पण त्या केंद्रांतून या फळीपर्यंतचा रस्ता बराच लांबचा आहे.

"शंका असेल तर ठेवून जा, साहेब. पैसे परत घ्या," दुकानदार म्हणाला.

वास्तविक मी याच हेतूनें गेलों होतों. पण त्यानें पैसे पुढें केले तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, दिवा चोरीचा असेलच तर मीं तो परत केल्यानें तो मालकाकडे जाणार नाहीं. फळीवर जाईल, आणि माझ्याइतकाच मौनी असा दुसरा गिऱ्हाईक तो घेऊन जाईल. माझे हात स्वच्छ होतील एवढेंच. पोलिसांकडे जावें? साडेतीन आंकडे घेऊन मी तेथें काय सांगणार, असें मीं स्वतःला विचारलें आणि उत्तराची वाट न पाहतां तो विचार सोडला. यांत आळस किती होता आणि भीड किती होती याचा हिशेब मी वाचकांपुढें मांडीत नाहीं. तो मला फायद्याचा नाहीं. शेवटीं मीं एवढेंच म्हटलें कीं, मला पावती हवी. त्यानें एका वहीचें पान फाडून 'जुना दिवा, १ नग, रु. ४००' असें लिहिलें, तारीख घातली, सही केली. मीं त्याला तीवर ते कोरलेले आंकडे लिहावयास सांगितलें. क्षणभर त्यानें माझ्याकडे पाहिलें. मग तेही लिहिले. ती पावती माझ्या टेबलाच्या खणांत आहे. तिनें काय सिद्ध होतें हें मला सांगतां येणार नाहीं.

माझ्या एका सहकाऱ्यांना हा वृत्तांत सांगितला तेव्हां ते म्हणाले, "एवढ्या भानगडीपेक्षां नवा घ्यावयाचा." हा उपाय त्यांच्या व माझ्या वेतनाला सोपा आहे. पण ज्या रिक्षावाल्याचा दिवा फुटला म्हणजे त्या दिवसाची मिळकत फुटते, त्याला हा उपदेश कसा करावा? जुना माल विकणारे बाजार नसते तर कित्येक गरिबांचीं वाहनें दारांतच गंजलीं असतीं, आणि अद्याप पुष्कळ वर्षें जळूं शकणारे दिवे उकिरड्यावर गेले असते. एकाची टाकाऊ वस्तु दुसऱ्याची गरज भागविते, यांत काटकसर आहे आणि एक प्रकारचा शहाणपणाही आहे. माझी तक्रार जुन्या वस्तूविरुद्ध नाहीं. मला प्रश्न विचारावयास वेळ होता, पैसा होता, शिक्षण होतें. रिक्षावाल्याजवळ यांतलें एकही नसतांना, तो व मी एकाच प्रकारें गप्प राहिलों, हें मला खटकतें.

दिवा मात्र बसला, आणि उत्तम बसला. त्याच रात्रीं मी मोटार बाहेर काढली. पहिल्या वळणावर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानें एक हात डोळ्यांवर घेतला. मला वाटलें, त्याच्या डोळ्यांत कांहीं गेलें असेल. दुसऱ्या वळणावर दुसऱ्यानेंही तसेंच केलें, आणि जातां जातां मला जें ऐकविलें तें या मासिकांत छापण्यासारखें नाहीं.

तेव्हां मला दिव्याच्या विद्येचा राहिलेला पाठ शिकावा लागला. मोटारीच्या जवळच्या प्रकाशाची वरची कड सरळ नसते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातों. म्हणून आपल्याकडील दिव्यांत ती कड उजवीकडे सपाट व खालीं असते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांखालीं राहावी म्हणून. आणि डावीकडे वर चढते, कडेनें चालणारा मनुष्य दिसावा म्हणून. उजवीकडून जाणाऱ्या देशांत याच्या अगदीं उलट. १९८७ त या कंपनीच्या ५०० मोटारींची पहिली तुकडी हंगेरीस गेली. तेथें वाहनें उजवीकडून चालतात, तेव्हां तेथल्या रस्त्यांसाठीं दिवा उलट कलाचाच हवा. असा दिवा चुकून आपल्याकडे आला, त्याचे कान, भोकें, बैठक सर्व कांहीं जुळलें, तरी तो समोरच्याच्या डोळ्यांतच प्रकाश फेंकणार. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं स्वीडननें रस्त्याची बाजू डावीकडून उजवीकडे बदलली, तेव्हां तेथल्या मोटारींचे दिवेही बदलावे लागले. एरवीं त्या मोटारींत कांहींच बिघाड नव्हता.

माझा दिवा तसा उलट्या कलाचा नव्हता. त्याचा नेम तेवढा वर गेला होता. पण मीं दुकानांत जो प्रश्न दोनतीनदां विचारला होता, बसेल ना, त्याचा अर्थ माझ्या मोटारीला बसेल ना, एवढाच होता. दिवा ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. ती माझ्या मोटारीला लागते, पण तिचा परिणाम माझ्या मोटारीच्या बाहेर होतो. मी तिच्या पाठीमागें बसलेला असतों, आणि ती ज्याला भोगावी लागते तो समोरून येत असतो. १९८९ च्या मोटारवाहन नियमांत तर या अनोळखी माणसाच्या डोळ्याची जागाही मापून दिलेली आहे: दिव्यापासून आठ मीटर पुढें, जमिनीपासून दीड मीटर उंच. तेथें ज्याचा डोळा असेल त्याला दिपवूं नये. अंकगणितांत इतकी सभ्यता मीं क्वचित् पाहिली आहे. दुकानाच्या फळीपुढें उभा असतांना मला ना तो मनुष्य दिसला होता, ना ज्यानें चार आंकडे कोरले तो.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं गॅरेजवाल्यानें मोटार एका भिंतीपुढें, सात-आठ मीटरांवर, सपाट जागीं उभी केली. भिंतीवर त्यानें खडूनें दिव्याच्या उंचीची रेघ मारली, तिच्याखालीं आणखी एक मारली, आणि दिव्याच्या मागचा स्क्रू हळूहळू फिरवूं लागला. प्रकाशाची कड वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर उतरली.

"आणखी थोडा खालीं घे," मी म्हणालों.

"समोरच्याला आतां त्रास नाहीं, सर. आणखी खालीं घेतला तर तुम्हांलाच रस्ता दिसणार नाहीं."

मीं उकिडवें बसून त्या मोटारसायकलवाल्याच्या उंचीवरून दिव्याकडे पाहिलें. मग उठून चाकापाठीमागें बसून भिंतीकडे पाहिलें. असें तीनचारदां झालें. त्याचा मुलगा हंसूं लागला. शेवटीं त्यानें स्क्रू पाव फेरा खालीं घेतला, मग त्याच्या निम्मा पुन्हां वर घेतला, आणि आम्हीं तो तेथें ठेविला.